दाढ ठणकतेय : सकाळपर्यंत थांबावं की आत्ताच निघावं?

रात्री दाढ ठणकायला लागली की माणूस एकच प्रश्न विचारतो : हे थांबणार कधी? त्याच वेळी विचारायचा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : या दुखण्याला सकाळपर्यंत वेळ देता येईल का? दातांच्या आणीबाणीतली बहुतेक गफलत इथेच होते, कारण दुखणं किती आणि धोका किती यांचा दातांच्या बाबतीत फारसा मेळ नसतो. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटणारा ठणका बहुतेक वेळा सकाळपर्यंत निभावून नेता येतो. गळ्याकडे उतरत चाललेली सूज कमी दुखत असली तरी तिला वेळ देता येत नाही. आणि मैदानात मुळासकट निखळून पडलेल्या दातासाठी आपल्या हातात असतो फार तर एक तास.

सगळ्यात घाईचं प्रकरण आधी घेऊ. शाळकरी मूल कबड्डी खेळताना किंवा सायकलवरून तोंडावर पडतं आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. दात बाहेर पडला तरी तो मेलेला नसतो. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंचं पातळ आवरण मुळावर चिकटून आलेलं असतं आणि त्यात जिवंत पेशी असतात. त्या शाबूत असतील तर परत बसवलेला दात हाडात पुन्हा रुजू शकतो. कोरड्या हवेत मात्र त्या भराभर मरतात. अर्ध्या तासानंतर यशाची शक्यता घसरत जाते आणि तासभर दात कोरडा राहिला तर बहुतेक पेशी गेलेल्या असतात. आपल्याकडे पडलेला दात हमखास रुमालात किंवा कागदात बांधून नेला जातो. त्यात पेशी वाळण्यापलीकडे काही होत नाही.

दात सापडला की तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात किंवा मुलाच्याच लाळेत हलकेच बुचकळून काढायचा. जवळ नळच असेल तर काही सेकंद हळू धारेखाली धरला तरी चालेल. घासणं, खरवडणं, साबण किंवा डेटॉल लावणं पूर्ण वर्ज्य. मूल शांत असेल आणि जवळच्या मोठ्या माणसाचा धीर होत असेल, तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दात तिथेच परत बसवणं. शेजारच्या दाताकडे पाहून पुढची बाजू पुढे येईल असा धरायचा, हलक्या दाबानं खाचेत सरकवायचा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. थोडा तिरका बसला तरी डॉक्टर सरळ करतात.

धीर होत नसेल तर दात कपभर थंड दुधात टाकायचा. पिशवीतलं साधं दूध उत्तम, साखर घातलेलं नको. दूध मिळेपर्यंत मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत दात ठेवता येतो. साध्या पाण्यात मात्र तो भिजत ठेवू नये. पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुटतात. तशीच निघायची घाई करायची. दवाखान्यात डॉक्टर तो दात लवचीक तारेनं शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच सुमारास रूट कॅनॉलही सुरू करतात.

हे सगळं पक्क्या दाताबद्दल झालं. दुधाचा दात परत बसवायचा नसतो, कारण त्याच्या वर तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात दुधाचा की पक्का हे कळत नसेल, तर तो दुधात घालून न्यावा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडावा. दात नुसता तुटला असेल तर तुकडाही सोबत घ्या, अनेकदा तोच परत चिकटवता येतो. पडताना मूल बेशुद्ध झालं, उलट्या करू लागलं, किंवा वरचे-खालचे दात नेहमीसारखे एकमेकांवर बसेनात, तर दाताचा विचार नंतर. डोक्याला मार किंवा जबड्याचं फ्रॅक्चर असू शकतं, म्हणून आधी मोठं रुग्णालय गाठायचं.

आता सूज. कीड दाताच्या आतपर्यंत पोचली की आतली नस मरते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरतो. तिथे साचलेला पू जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. हिरडीवर पुळी येऊन फुटली तर ती त्यातल्या त्यात सुखाची वाट. खालच्या मागच्या दाढांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या मुळांची टोकं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली असतात, त्यामुळे पू थेट गळ्याच्या बाजूला उतरू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी 1836 साली या आजाराचं वर्णन केलं आणि आजही वैद्यकीय पुस्तकांत तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना फळीसारखी कडक सूज येते, जिभेखालची जागा फुगून जीभ वर ढकलली जाते आणि शेवटी श्वासाची वाटच बंद होऊ शकते. दाताच्या दुखण्यानं माणूस दगावतो तो बहुतेक या मार्गानं.

म्हणून ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत : थुंकी गिळता न येणं, तोंडातून लाळ गळणं, आवाज बदलणं, तोंड दोन बोटंही न उघडणं, सूज जबड्याखाली किंवा गळ्यावर उतरणं, किंवा वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढून डोळा मिटायला लागणं. सोबत ताप आणि हुडहुडी असेल तर शंकेला जागाच नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये हे सगळं फार वेगानं वाढतं. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दाताच्या दवाखान्याचा उपयोग नसतो. जिथे भूलतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटर आहे अशा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. वाहन नसेल तर 108 ला फोन करायचा. रुग्णाला आडवं न करता बसवूनच न्यायचं.

इथे आपल्या घरोघरच्या एका सवयीबद्दल कळकळीनं सांगायला हवं. गालाला सूज दिसली की आजी तव्यावर फडकं गरम करून शेक द्यायला बसते. त्यामागे माया असते, पण दाताच्या पुवाला बाहेरून शेक देऊ नये. सूज वाढते आणि पू त्वचेच्या दिशेनं ओढला जाऊ शकतो. कपड्यात गुंडाळलेला बर्फ गालावर दहा-पंधरा मिनिटं धरणं बरं.

आणि आता तो रात्रीचा ठणका, ज्यानं बहुतेक लोकांची झोप उडते. शरीरात दुसरीकडे कुठे दाह झाला तर ती जागा सुजते, फुगते. दाताच्या आतल्या नसेला फुगायला जागाच नसते, चारी बाजूंनी कठीण भिंती. रक्त वाढलं की दाब वाढतो आणि दुखतं. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर सोसवणारी दाढ अंथरुणावर टेकताच ठणकायला लागते. दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपलं तर खरोखर फरक पडतो.

थंड पाणी लागून कळ आली आणि क्षणभरात गेली, तर नस बहुधा वाचवता येते. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, चहा घेतल्यावर दुखत असेल, झोपेतून उठवत असेल, तर रूट कॅनॉल किंवा दात काढणं यांपैकी एक ठरलेलं आहे. आणि चार दिवस छळून दुखणं अचानक थांबलं, तर आनंद मानू नका. नस मेलेली असू शकते. जंतू तिथेच असतात.

सकाळपर्यंतची सोय म्हणून मोठ्या, अन्यथा निरोगी माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल हा चांगला आधार आहे. दाहावर ही जोडी उत्तम चालते. पण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात. त्यावर आणखी पॅरासिटामॉल घेतलं की नकळत मात्रा दुप्पट होते. पाकिटामागचं वाचा आणि 500 मिलिग्रॅमच्या हिशेबानं पॅरासिटामॉल दिवसाला सहा गोळ्यांच्या पुढे नेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शक्यता असेल तरीही नको. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये.

लवंगेचं तेल खरंच चालतं. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं आणि दंतवैद्यांच्या औषधांतही ते असतं. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, तोही फक्त दाताच्या खड्ड्यात. हिरडीवर ओतलं तर ती भाजते. ॲस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवल्यानंही तेच होतं. आणि मिश्री तर मुळीच नको. आपल्याकडे कित्येक बायकांना मिश्रीचं व्यसन लागलं ते दाढ दुखते म्हणून कोणीतरी बोटभर लावायला दिली तेव्हापासून. ती तंबाखूच आहे, आणि दुखणं बरं झालं तरी ती तोंडातून सुटत नाही.

ॲंटिबायोटिकबद्दलही एवढंच ठाम सांगतो. ठणक्यावर त्याचा उपयोग नाही. जिवंत, सुजलेल्या नसेत मुख्य त्रास दाबाचा असतो, आणि मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? सूज पसरत असेल, ताप असेल तेव्हा डॉक्टर ते देतात, तेही दात उघडून पू काढण्याच्या जोडीला. मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांच्या कॅप्सूल घेऊन दुखणं पुढे ढकलण्याची रीत आपण सोडायलाच हवी.

कधी कधी दात दुखतो, पण दोष दाताचा नसतो. जिना चढताना खालचा जबडा दुखतो, थांबलं की थांबतो, सोबत घाम किंवा छातीत दडपण असेल, तर दंतवैद्याकडे न जाता थेट ईसीजी काढायला जा. पन्नाशीच्या पुढे हे जास्तच ध्यानात ठेवावं.

दवाखाना निवडताना पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं. फोनवर नुसतं 'दात दुखतोय' म्हटलं की परवाची वेळ मिळते. 'कालपासून सूज आहे, रात्री ताप होता, तोंड नीट उघडत नाही' असं सांगितलं की लगेच बोलावतात. मधुमेह, हृदयाचा आजार, चालू गोळ्या आणि कशाची ॲलर्जी हेही त्याच फोनवर सांगून टाकावं. खर्चाची चिंता असेल तर सरकारी आणि पालिकेची दंत महाविद्यालयं हा भक्कम आधार आहे : मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. जिल्हा रुग्णालयातही दंत विभाग असतो. आरोग्य विम्यात दातांचे उपचार बहुधा अपघात असेल तरच बसतात, तेव्हा पॉलिसी आधीच वाचून ठेवलेली बरी.

खुर्चीत बसल्यावर काय होतं? डॉक्टर आरशाच्या दांड्यानं एकेक दात हलकेच ठोकून पाहतात, थंड बोळा लावतात, छोटा एक्स-रे काढतात. मग भूल देऊन दाताला वरून छिद्र पाडतात आणि आतली सुजलेली नस काढून टाकतात. दाब सुटतो. भूल उतरल्यावरही तो रात्रीचा ठणका बहुधा परत येत नाही, आणि दातावर तात्पुरतं सिमेंट भरलं जातं.

दात काढला असेल तर कापसाचा बोळा अर्धा तास न उघडता घट्ट चावून धरायचा. सारखं थुंकलं, चूळ भरली, स्ट्रॉनं काही प्यायलं, सिगारेट ओढली की रक्ताची गुठळी निघते. रक्त वाहतच राहिलं तर नवा बोळा आणि पुन्हा अर्धा तास, तरी थांबलं नाही तर डॉक्टर. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

नस काढलेल्या दातावरचं ते तात्पुरतं सिमेंट मात्र तात्पुरतंच असतं. काही आठवड्यांत ते झिजतं, जंतू परत आत शिरतात आणि पुढची सूज आधीपेक्षा खोल जाते. दुखायचं थांबलं म्हणून पुढची तारीख चुकवू नका.