पागोळ्यांचं पाणी

मे महिन्यात कौलं शाकारून झाली की किहीमच्या आमच्या घरी पन्हळीखाली पिंपं मांडायची घाई सुरू होते. हे पाणी ऑर्किडसाठी. 22 वर्षं मी ही झाडं सांभाळते आहे, आणि ओटीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, “पाणी किती दिवसांनी घालायचं?” माझं पहिलं फॅलेनॉप्सिस या प्रश्नाच्या पक्क्या उत्तरानेच गेलं. कुंडीला चिठ्ठी होती, दर सोमवारी एक पेला. मी एकही सोमवार चुकवला नाही. जुलैच्या दमट हवेत कुंडीतलं मॉस आठवडाभरात सुकतच नव्हतं. सहाव्या सोमवारी पानं हातात आली. मूळ चिमटीत धरलं तर वरची साल निसटली आणि आत नुसता दोरा राहिला.

तेव्हापासून मी वार बघत नाही, मूळ बघते. झाडांवर वाढणाऱ्या आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, मुळाभोवती मेलेल्या पोकळ पेशींचं वेष्टन असतं. टीपकागदासारखं ते पाणी झटकन टिपतं आणि आतल्या जिवंत मुळाला सावकाश पोचवतं. कोरडं असताना त्या पेशींत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी भरलं की वेष्टन नितळ होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. सीतेची वेणी या आमरीच्या लोंबत्या मुळावर तांब्याने धार सोडून एकदा बघाच. धारेबरोबर हिरवा रंग खाली उतरत जातो, पण मधल्या काही बारीक रेघा पांढऱ्याच राहतात. त्या हवा खेळायच्या वाटा. मुळाला श्वासही लागतो हे तिथे डोळ्यांना दिसतं. मुळं चंदेरी झाली की पाणी द्यावं, हिरवी आहेत तोवर हात आवरावा. गावात अजून पुष्कळ जण आमरीला बांडगूळ समजून उपटतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी खोडाचा फक्त आधार घेते आणि पावसावर, दवावर जगते.

इतिहास थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नेलेली असंख्य ऑर्किड कोंदट, तापलेल्या काचघरांत मेली. चॅट्सवर्थच्या बागेतल्या जोसेफ पॅक्स्टनने हवा खेळती ठेवली, तेव्हा ती जगू लागली. आपल्याकडच्या आमरींवर सांतापाव आणि कापडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ 1966 साली आलं.

आता विहिरीकडे वळते, कारण किनाऱ्यावर खरा घोळ पाण्याच्या चवीचा आहे. आमच्या विहिरीचं पाणी दिवाळीत गोड असतं आणि एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. नारळ ते आनंदाने पितात, आमरीला ते सोसत नाही. पाणी उडून जातं, क्षार मुळावर बसतात. आधी मुळांची टोकं काळी पडतात, मग पानांची. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. ऑर्किडला मी 200 च्या वर जाऊ देत नाही. फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी तर चुकूनही घालू नये, सगळे क्षार त्यातच उरलेले असतात. कुंडीत भरायच्या नारळाच्या सोडणांतही खार असतो, म्हणून ती दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत भिजवावी. पावसाच्या पाण्याला मात्र तोड नाही. पहिल्या दोन सरी कौलांवरची धूळ धुवायला सोडून द्यायच्या आणि मग पिंप लावायचं.

पाणी देण्याची तऱ्हा झाडागणिक वेगळी. माती कुणालाच नको. उघड्या मुळांचा वांडा सकाळी बादलीत दहा मिनिटं बुडवून टांगावा. कोळसा आणि विटांच्या तुकड्यांतल्या डेंड्रोबियमला तळातून पाणी निथळेपर्यंत भरपूर द्यावं. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसाने टिपून घ्यावा, नाहीतर कोंब कुजतो. नुसत्या फवाऱ्यावर माझा विश्वास नाही. पानं ओली होतात, मुळं तहानलेलीच राहतात. आणि काय द्यायचं ते सकाळीच.

सगळं शिक्षण असं बघण्यातूनच होतं, म्हणून इथे पक्षितज्ज्ञ सलीम अलींची आठवण आल्याशिवाय राहत नाही. 1930 साली याच किहीममध्ये त्यांनी सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर त्यात राहते, आणि नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांना त्या बघण्यातून उमगलं. समुद्रावर फिरायला जाताना हे मनात असतं. परत आले की मी चहाच्या आधी मुळं बघते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमच्या आळीतला जुना आंबा आडवा केला. फांदीवर सीतेची वेणी होती, एक गजरा अजून फुललेला. जंगलातून आमरी ओरबाडून आणणं मला मान्य नाही, पण ही चिखलात पडली होती. सुंभाने मी ती अंगणातल्या फणसाला बांधली. पावसाळाभर तिला हात लावत नाही. थंडीत दोन-तीन दिवसांनी एक तांब्या, मार्चनंतर रोज सकाळी. मेअखेर पिंपाच्या तळाशी वीतभर पाणी उरतं, तेव्हा बाकीच्या कुंड्यांना मोजून आणि हिला आधी. त्याच सुमाराला तिच्या पानांच्या बगलेतून फुलांचे दांडे खाली झुकलेले असतात.

आत्ता पिंपं काठोकाठ भरली आहेत. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधलंय.