दुर्बिणीचा गुण्या

आठ इंची चांगल्या दुर्बिणीतून गुरूचे पट्टे पुसट दिसले, की नवा निरीक्षक हवेला बोल लावतो. पुष्कळदा खोट असते ती आरशांच्या जुळणीत. न्यूटनने १६६८ मध्ये बनवलेल्या दुर्बिणीची मांडणी आजही तीच आहे: तळाशी अंतर्गोल मुख्य आरसा, तोंडाशी तिरका सपाट दुय्यम आरसा आणि बाजूला नेत्रिका. गाडीतून नेता-आणताना हे आरसे जरासे कलले, तरी ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटतं. नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असेल, तर या दोषापासून मुक्त असा मधला भाग सुमारे ११ मिलिमीटरचा मिळतो. चौपट असेल, तर जेमतेम १.४. म्हणूनच आखूड नळीच्या दुर्बिणींना काटेकोर जुळणी लागते आणि लेझर कॉलिमेटरही.

नेत्रिकेच्या जागी, सव्वा इंची फोकसरमध्ये बसणारी ही लाल लेझरची नळी. आधी दुय्यम आरशाचे तीन स्क्रू फिरवून लाल ठिपका मुख्य आरशाच्या केंद्रावर चिकटवलेल्या कड्यात आणायचा. (ते कडं दुय्यम आरशाच्या सावलीतच असतं, त्यामुळे प्रतिमेचं काही बिघडत नाही.) मग तळाचे स्क्रू फिरवत परतीचा किरण कॉलिमेटरच्या तिरक्या पडद्यावरच्या छिद्रात, म्हणजे निघाला तिथेच, पोचवायचा. दुर्बीण आडवी ठेवूनच हे करावं. उभ्या नळीत ॲलन की हातातून सुटली, तर ती थेट आरशावर पडते.

पण गुण्याच वाकडा असेल, तर कोपरा काटकोनात कसा येणार? कॉलिमेटर खाचेत आडवा ठेवून स्वतःभोवती फिरवावा. चार-पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका जागेवरून हलता कामा नये. तो गोल फिरू लागला, तर आधी लेझरच सरळ करायला हवा. फोकसरमध्ये तो सैल बसत असेल, तरी तीच गत.

यावर मला सर्वांत पटलेली युक्ती नील्स उलोफ कार्लिन यांची. लेझरपुढे बार्लो भिंग लावलं, की किरण पसरतो आणि कड्याची सावली पडद्यावर पडते. ती छिद्राभोवती मधोमध आली, की मुख्य आरसा जुळला. लेझर थोडा कललेला असला, तरी सावली फारशी ढळत नाही.

शेवटचा निवाडा ताऱ्याचाच. जास्त वर्धनात तारा किंचित अस्पष्ट करा; त्याभोवतीची वलयं एककेंद्री दिसली पाहिजेत. लेझर चालू असताना नळीत डोकावू नका. आणि कॉलिमेटर घेणार असाल, तर ज्याचा लेझर स्वतः सरळ करता येतो, असाच घ्या.