पाकीट टाकलं, तरी पाचट कुजेना? आधी ओल अन् युरिया बघा

ऊस कारखान्याला गेला की फडात पाचट उरतं, हेक्टरी साधारण ८ ते १० टन. बरेच जण काडी लावून मोकळे होतात. काही जण पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट आणून टाकतात, पण महिनाभरानंतरही पाचट खडखडीतच. मग ‘पाकीटच बोगस’ असा शिक्का बसतो. खरं कारण बऱ्याचदा वेगळं असतं.

पाचटाचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेचे हजारो मणी घट्ट ओवलेली माळ. गाई-म्हशींनाही ती स्वतःहून फोडता येत नाही. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ती फोडतात, म्हणून कडबा अंगी लागतो.

हे सूक्ष्मजीव ‘सेल्युलेज’ नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम सोडतात. एक विकर माळ मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन मणी काढतं, तिसरं ती जोडी फोडून सुटं ग्लुकोज करतं. ही साखर खाऊन सूक्ष्मजीव वाढतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले होते. त्यावर सापडलेली ट्रायकोडर्मा बुरशी आज कारखान्यांत सेल्युलेज बनवायला वापरतात.

आता मुद्द्याचं. माळेची प्रत्येक गाठ तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. ओल नसेल तर काम ठप्प. दुसरं म्हणजे विकर हे प्रथिन. ते बनवायला नत्र लागतं. पाचटात नत्र फारच कमी. वरून दिलं नाही, तर सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो.

म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू खत, असं प्रमाण सांगितलं जातं. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं, त्यावर आधी युरिया अन् सुपर फॉस्फेट टाकायचं. जिवाणू खत रासायनिक खतात न मिसळता शेणखतातून वेगळं पसरायचं. लगेच पाणी द्यायचं आणि पाचट मातीला चिकटेल असं दाबायचं. ओल टिकली तर तीन-चार महिन्यांत त्याचं खत होतं.

पेटवलं, तर पाचटातलं बहुतेक नत्र धुरासोबत जातं. तेच पुढे पोत्यानं विकत आणावं लागतं.