परत यायचं, पण कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठलं. वय अठ्ठेचाळीस, पूर्वी अर्धमॅरेथॉन धावायचे, मग गुडघा दुखावला. म्हणाले, "सर, पुन्हा पूर्वीसारखं धावता येईल का?" प्रश्न डॉक्टरांचा आहे खरा, पण त्यातला 'पूर्वीसारखं' हा शब्द मात्र आमच्या खात्यातला आहे. म्हणून आज तोच घेऊ.

आधी स्वतःची फजिती सांगतो. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, आणि पन्नाशी ओलांडलेले आम्हीही पहाटे पाम बीच रोडवर धावू लागलो. पुढे पारसिक टेकडीच्या उतारावर पाय वळला आणि गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. चार महिन्यांनी परतलो. मधल्या काळात घरी व्यायामाची सायकल चालवल्यामुळे दम शाबूत होता. तेव्हा थेट दहा किलोमीटर! दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला आणि पुढचे सहा आठवडे कठडा धरून जिना चढावा लागला.

चूक कुठे झाली? आम्ही श्वासाला विचारलं, गुडघ्याला विचारलंच नाही. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना त्याहून वेळ लागतो, आणि स्नायुबंध व कूर्चा सर्वांत सावकाश बदलतात. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिचं पोषण होतं, आणि ते वंगण आतबाहेर होण्यासाठी दाब पडावा लागतो, सुटावा लागतो. म्हणजे पलंगावर पडून राहणं हाही उपाय नव्हे. हालचाल हवी, पण मापात. शिवाय सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थाच आवर घालते. तो अशक्त होतो, गुडघ्यावरचा भार वाढतो, पुन्हा सूज येते. हे चक्र तोडायचं तर आधी मांडी आणि नितंबाची ताकद मिळवायची, मग चालणं, मग चालता-धावता, आणि शेवटी धावणं. धावताना दुखलं का, एवढंच पाहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते बघा. सुजला असेल तर कालचा डोस जास्त झाला.

आमच्या फिजिओथेरपिस्टबाई आम्हाला एका पायावर उभं करायच्या. नेरूळच्या पाणथळीवर रोहित पक्षी तसेच उभे असतात. गंमत बघा, त्याचा मागे वाकलेला 'गुडघा' आपण बोट करून दाखवतो, तो असतो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला. आमचंही तसंच होतं: दुखत होतं एका जागी, कमजोरी होती वर, नितंबात.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. हायडेगरने १९२७ च्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण दिलं. चालतो तोवर तो हातोडा आपल्या लक्षातही येत नाही. मोडला की नजरेत भरतो. गुडघ्याचं तेच. पन्नास वर्षं तो होता, पण आम्हाला भेटला तो दुखल्यावर. आणि भेटल्यावर पुन्हा अनोळखी होणं शक्य नाही. म्हणून 'पूर्वीसारखं' होत नसतं. पूर्वी जे नकळत होत होतं ते आता कळून करायचं असतं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात आणि पतंजलींच्या योगसूत्रांत मन आवरण्यासाठी दोन साधनं एकत्र सांगितली आहेत, अभ्यास आणि वैराग्य. गुडघ्यालाही तीच लागू पडतात असं आम्हाला वाटतं. रोजचा व्यायाम हा अभ्यास. वैराग्य म्हणजे धावणं सोडणं नव्हे. जुन्या घड्याळातली वेळ सोडणं. हे दुसरं आम्हाला फार जड गेलं. पहिलं वर्ष आम्ही स्वतःशीच शर्यत लावत होतो, आणि हरत होतो.

नंतर आम्ही सायकलकडेही वळलो. तिथे ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे: २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. पहिला-दुसरा क्रमांक नाही. मुदतीत पोहोचलात की झालं. उतारवयाला शोभेलसा खेळ आहे!

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं: आधी डॉक्टरांना गुडघा दाखवा. त्यांनी परवानगी दिली तर नक्की धावा. पण परत जाऊ नका, पुढे जा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, या गुडघ्यानिशी, तुम्ही नवशिके आहात. नवशिका होण्याची संधी या वयात फार थोड्यांना मिळते.