'हे राम' : समर्थ अभिनय आणि पटकथेची मर्यादा

प्रस्तावना :
चित्रपट हे दृक्‌श्राव्य माध्यम असले, तरी त्याचा पाया पटकथा हाच असतो. अभिनय, छायाचित्रण, नेपथ्य व संगीत यांना पटकथेतील कार्यकारणभावामुळेच अर्थ प्राप्त होतो. हा पाया कच्चा राहिल्यास समर्थ अभिनय ती उणीव भरून काढतो, की तिचे दुष्परिणाम वाढवतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात 'हे राम' या तमिळ चित्रपटाच्या आधारे करण्यात आला आहे.

चित्रपटाचे स्वरूप :
१८ फेब्रुवारी २००० रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची निर्मिती, लेखन, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका ही चारही अंगे कमल हासन यांनी सांभाळली. तो तमिळ व हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी तयार करण्यात आला. साबू सिरिल यांचे कलादिग्दर्शन, १९४० च्या दशकाची खर्चिक पुनर्निर्मिती, इलैयाराजा यांचे संगीत आणि नसीरुद्दीन शाह, शाहरुख खान, राणी मुखर्जी, गिरीश कर्नाड, ओम पुरी, विक्रम गोखले यांसारखा नटसंच त्यास लाभला. भारतातर्फे तो ऑस्करसाठीही पाठविण्यात आला. मात्र तिकीटबारीवर त्यास यश मिळाले नाही.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने यातील श्रीराम अभ्यंकर ही भूमिका विशेष महत्त्वाची ठरते. सोलापुरात वाढलेले व राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतलेले अतुल कुलकर्णी यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पटकथेतील उणिवा :
मोहेंजोदडो येथील उत्खननात काम करणारा साकेत राम १६ ऑगस्ट १९४६ रोजी कलकत्त्यात उसळलेल्या दंगलीत पत्नी गमावतो, सूडाने हत्या करतो आणि अभ्यंकरच्या प्रभावाखाली येऊन गांधीहत्येचा संकल्प करतो. येथपर्यंत कथेचा प्रत्येक टप्पा मागील टप्प्यातून उगवतो. पुढे मात्र योगायोगांची साखळी सुरू होते. महाराष्ट्रात अभ्यंकरची पुन्हा भेट होते. घोड्यावरील अपघातात तो पंगू होतो व कार्याची जबाबदारी साकेतवर येते. दिल्लीत जुना मित्र अमजद अचानक भेटतो. अमजदच्या मृत्यूनंतर साकेतचे मतपरिवर्तन होते आणि तो गांधीजींपुढे कबुली देण्यास जातो.

द्वेष रुजण्यास पटकथेने पुरेसा अवकाश दिला आहे. तो गळून पडण्यास तेवढा दिलेला नाही. एका विचाराने दीर्घकाळ झपाटलेला माणूस एका रात्रीत का बदलतो, याचे उत्तर प्रसंगांतून न मिळता कमल हासन यांच्या चेहऱ्यावर शोधावे लागते. ६ डिसेंबर १९९९ रोजीची, मृत्युशय्येवरील वृद्ध साकेतची कृष्णधवल चौकट कथेला समकालीन संदर्भ देते. परंतु आधीच भारावलेल्या रचनेवर ती आणखी एक थर चढवते. साकेतचे मन मुळातच विस्कटलेले असल्याने रचनाही विस्कटलेली आहे, असा बचाव करता येतो. तो अंशतः मान्य केला, तरी मतपरिवर्तनाची उणीव त्याने भरून निघत नाही.

अभिनयाचा अनपेक्षित परिणाम :
अभ्यंकरला पटकथेने युक्तिवाद दिला आहे, आणि कुलकर्णी यांनी त्यास शांत स्वर, आर्जव व आत्मविश्वास दिला आहे. तो आक्रस्ताळा नाही. जखमी मनाला तो कारण आणि लक्ष्य पुरवतो. याउलट नसीरुद्दीन शाह यांच्या गांधीजींना मोजकेच प्रसंग लाभतात. परिणामी, ज्या विचाराचा चित्रपटास निषेध करावयाचा आहे तोच अधिक पटण्याजोगा वाटण्याचा धोका निर्माण होतो. हा दोष नटाचा नव्हे. नटाने आपले काम चोख केल्यामुळेच तो उघड होतो.

स्थानिक संदर्भ :
जालना परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणजे गांधीहत्येच्या वेळी तो स्वतंत्र भारताचा भाग नव्हता. रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर संस्थानाच्या काही भागांत झालेली हिंसा या दोन्ही गोष्टी मराठवाड्याच्या इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. दुःखातून द्वेष कसा घडतो, हे येथील विद्यार्थ्यास वेगळे समजावून सांगावे लागत नाही. द्वेषातून माणूस बाहेर कसा येतो, हे मात्र सांगावे लागते. आणि नेमके तेथेच ही पटकथा घाई करते.

निष्कर्ष :
१. समर्थ अभिनय पटकथेतील रिकाम्या जागा तात्पुरत्या झाकतो. पात्राच्या परिवर्तनाची कारणमीमांसा तो पुरवू शकत नाही.
२. असमतोल पटकथेत प्रभावी अभिनय कृतीच्या मूळ हेतूविरुद्धही जाऊ शकतो.
३. वर्गात हा चित्रपट अभ्यासताना अभिनयाचे कौतुक व आशयाचे मूल्यमापन या दोन गोष्टी स्वतंत्रपणे हाताळणे आवश्यक आहे. अभ्यंकर का पटतो, या प्रश्नापासून चर्चेस आरंभ केल्यास चित्रपटाची मर्यादाच अध्यापनाचे साधन ठरेल.