बीचपासून लांबच्या हॉटेलात माणूस जास्त पैसे का देतो?

कोकणात किंवा गोव्यात वडिलोपार्जित घर असलेले बरेच जण आपल्या बॅचला येतात, आणि त्यांचा प्रश्न जवळजवळ एकच असतो. "सर, आमचं घर समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत आहे. तिथे कोण येणार? ते विकून किनाऱ्याजवळ दोन गुंठे घेऊ का?" मुंबईतला भाऊ म्हणतो विकून टाक, आई म्हणते अजिबात नाही, आणि मधल्यामध्ये आपला माणूस लोनचा फॉर्म हातात घेऊन बसलेला असतो. व्हिडिओत हा विषय पाच मिनिटांत उरकला होता. इथे नीट हिशोबासकट बोलूया.

आधी शब्द समजून घेऊ. 'बुटीक हॉटेल' म्हणजे महागडं छोटं हॉटेल, एवढाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन्स नावाचं हॉटेल सुरू झालं. त्याचे एक मालक स्टीव्ह रुबेल यांनी तुलना केली होती, की बाकीची मोठी हॉटेलं डिपार्टमेंट स्टोअरसारखी आहेत आणि आमचं हॉटेल बुटीकसारखं. मी स्वतः दुकानदार असल्यामुळे मला ही तुलना लगेच पटते. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सगळं मिळतं आणि सगळ्यांसाठी असतं. बुटीकमध्ये मोजकाच माल असतो, पण तो कुणीतरी निवडून ठेवलेला असतो आणि ती निवड ज्याला आवडते तो परत येतो. खोल्या कमी, प्रत्येकीला स्वतःचं रूप आणि सगळीकडे मालकाची आवड दिसणार. बाथरूममध्ये इम्पोर्टेड नळ बसवला म्हणून हॉटेल बुटीक होत नाही.

आता आपल्या जवळचं उदाहरण बघा. सावंतवाडी. वेंगुर्ल्याचा समुद्र तिथून गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर आहे, म्हणजे बीचच्या नावावर विकण्यासारखं काही नाही. तरी मोती तलावाजवळच्या राजवाड्याच्या आवारात भोसले राजघराण्याने मोजक्या सुट्सचं बुटीक आर्ट हॉटेल चालू केलं. त्याची थीम काय, तर गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. ही कला संपत आली होती, ती राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून पुन्हा उभी केली. आजही तिथे पत्ते रंगवणारे कलाकार बघायला मिळतात. पाच मिनिटांवर चितार आळी, तिथे लाकडी फळं आणि खेळणी. पावसाळ्यात आंबोली. पाहुणा येतो तो या सगळ्यासाठी, समुद्र त्याला वाटेत मिळाला तर मिळाला.

तुम्ही म्हणाल, सर, त्यांच्याकडे राजवाडा आहे, आमच्याकडे चिऱ्याचं घर आणि माजघर! बरोबर आहे. पण त्यांनी विकलं काय ते बघा: त्या जागेतच असलेली, दुसरीकडे न मिळणारी एक गोष्ट. तुमच्या घरात ती काय आहे हे तुम्हाला शोधावं लागेल. आजीची घावन-चटणी असेल, बागेतलं जायफळ असेल, मागची बारमाही वाहणारी पाटाची वाट असेल. ती सापडत नसेल तर मात्र मी म्हणेन की सध्या थांबा.

ठरवून येणारं गिऱ्हाईक

माझं दुकान मेन रोडवर नाही, एक गल्ली आत आहे. भाडं कमी आहे, पण रस्त्याने जाता-जाता कुणी आत शिरत नाही. जो येतो तो ठरवून येतो. बीचवरचं आणि आतलं हॉटेल यांच्यातला फरक तसाच आहे. किनाऱ्यावर रात्री आठ वाजता बॅग घेऊन "रूम है क्या?" विचारणारी फॅमिली येते. आतल्या गावात असं कुणी येणार नाही. जमिनीत वाचलेला पैसा तुम्हाला गिऱ्हाईक शोधण्यात घालवावा लागतो, आणि हे बहुतेक लोक बजेटमध्ये धरतच नाहीत.

आता आकडे. हे कुठल्या खऱ्या हॉटेलचे नाहीत, गणित समजावं म्हणून मी धरलेले आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून स्वतः करून बघा.

बीचजवळ दहा खोल्या, रेट १,८०० रुपये. आतल्या गावात चार खोल्या, रेट ४,५०० रुपये. दोन्हीकडे वर्षाची सरासरी ऑक्युपन्सी ३५ टक्के धरली, तर दोघांचीही विक्री जवळपास सारखीच येते, सुमारे २३ लाख. पण बीचवाल्याला त्यासाठी वर्षात १,२७७ वेळा खोली द्यावी लागते आणि तुम्हाला ५११ वेळा. एका खोलीमागे एका रात्रीचा धुणं, नाश्ता, वीज, साबण असा ५०० रुपये खर्च धरा. त्याचे ६ लाख ३९ हजार जातात, तुमचे २ लाख ५६ हजार. दहा गीझर, दहा एसी, दहा संडास यांची दुरुस्ती अजून धरलेलीच नाही.

इथवर ऐकून बॅचमध्ये टाळ्या पडतात. टाळ्या थांबल्या की मी दुसरा हिशोब फळ्यावर लिहितो. नवीन जागेला पहिल्या वर्षी ३५ टक्के ऑक्युपन्सी कुठून येणार? २० टक्के धरा. म्हणजे २९२ रात्री, विक्री १३ लाख १४ हजार. त्यातून वरचा खर्च १ लाख ४६ हजार. दोन माणसं प्रत्येकी महिना १५ हजारांवर, म्हणजे ३ लाख ६० हजार. दुरुस्ती, नेट, बाग, इतर ३ लाख. घर नीट करायला २५ लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं असेल तर हप्ता महिना ३३ हजारांच्या आसपास, वर्षाला ३ लाख ९६ हजार. उरले १ लाख १२ हजार.

आणि अजून बुकिंग ॲपचं कमिशन दिलेलं नाही! ते १८ टक्के धरलं आणि सगळी बुकिंग ॲपवरूनच आली, तर २ लाख ३७ हजार गेले. म्हणजे सव्वा लाखाचा तोटा. निम्मी बुकिंग थेट फोनवर आली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत येता. सगळीच थेट आली तर एक लाख बारा हजार हातात. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही, हे लक्षात असू द्या.

चार खोल्यांच्या धंद्यात जगणं-मरणं या थेट बुकिंगवर ठरतं. म्हणून मी सांगतो की पहिल्या वर्षी ॲपवर नक्की या, लोकांना तुम्ही दिसला पाहिजेत. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा नंबर त्याला विचारून सेव्ह करा, आणि मे महिन्यात त्याला फणसाचा फोटो पाठवा. रविवारी सकाळी "गुड मॉर्निंग" पाठवू नका.

आणखी एक. दुकानातला न खपलेला शर्ट पुढच्या सेलमध्ये निघतो. मंगळवारची रिकामी खोली बुधवारी विकता येत नाही. त्यामुळे आतल्या हॉटेलची खरी परीक्षा सोमवार ते गुरुवार असते. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे: पावसाळा. जूनपासून वॉटर स्पोर्ट्स बंद, समुद्रात उतरता येत नाही, बीचवरच्या हॉटेलांचा मुद्दाच संपतो. तुमच्याकडे मात्र तेव्हाच शेतं हिरवी, धबधबे चालू, आणि घरात बसून भजी खायला निमित्त लागत नाही. फक्त इन्व्हर्टर चांगला घ्या, पावसात लाइट जाणार म्हणजे जाणारच.

शांतता विकताना

शांतता हा माल विचित्र आहे, कारण ती पूर्ण तुमच्या हातात नसते. पणजीतलं फोंटेन्हास बघा. आल्तिनो टेकडी आणि ओरें खाडी यांच्यामधली जुनी रंगीत घरांची वस्ती, त्यातल्या काही घरांत छोटी हॉटेलं आहेत. कळंगुट-बागाच्या गोंगाटापासून लांब म्हणून लोक तिथे राहायला जाऊ लागले. मग फोटो काढणारे आले, प्री-वेडिंगवाले आले, आणि आपल्या दारासमोर शूटिंग करू नका असे बोर्ड लावायची पाळी रहिवाशांवर आली. जे विकायचं होतं त्याच्यावरच गर्दीने पाय दिला. तुमच्या वाडीतही हे होऊ शकतं. पाहुण्यांनी रात्री स्पीकर लावला तर पहिल्यांदा नाराज होणार तुमचे शेजारी. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे, पण तेवढ्यावर राहू नका. ग्रुप बुकिंग घेतानाच नियम फोनवर स्पष्ट सांगा. चार बुकिंग गेली तर जाऊ देत. नारळ, अंडी, मासे वाडीतूनच घ्या, म्हणजे तुमच्या पाहुण्याकडे वाडी आपला माणूस म्हणून बघेल.

आणि "शांत" म्हणजे काय हेही आधी सांगा. गावात पहाटे कोंबडा आरवतो, देवळात भजन असतं, कुत्री भुंकतात. शहरातल्या माणसाला हे माहीत नसतं. तसंच अंतर. "बीच जवळ" असं लिहू नका. "बीच ८ किलोमीटर, गाडीने २० मिनिटं, स्वतःचं वाहन नसेल तर रिक्षाची सोय करून देतो" असं लिहा. वाचून जो येणार नाही तो तसाही आल्यावर एक स्टार देऊन गेला असता. रिक्षावाल्याशी रेट आधी ठरवून ठेवा. घरातली पांढऱ्या नंबर प्लेटची स्कूटर मात्र पाहुण्याला भाड्याने देऊ नका, ते बेकायदेशीर आहे. अपघात झाला तर इन्शुरन्सच्या वेळी सगळं तुमच्या अंगावर येईल.

कागदपत्रं थोडक्यात

आत असण्याचा मोठा फायदा सीआरझेडचा. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामावर सीआरझेडचे निर्बंध असतात. किनाऱ्याजवळचे ते दोन गुंठे घेण्याआधी हे तपासलंच पाहिजे. आत असलात तरी घर खाडीकाठी असेल तर बेसावध राहू नका, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथल्या काठालाही नियम लागू होतात.

जीएसटीचं असं आहे, की वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही. पहिल्या हिशोबातले २३ लाख झाले की नोंदणी आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के दर आहे, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. गाद्या, एसी यांवर भरलेला कर परत येणार नाही हे धरूनच बजेट करा. गोव्यात पर्यटन खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे. जेवण देणार असाल तर एफएसएसएआय लागेल. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, यात हयगय नको.

लोनच्या फॉर्मवर सही करण्याआधी एक काम करा. अशा एखाद्या आतल्या हॉटेलात दोन रात्री राहून या. शनिवार-रविवार नको, मंगळवार-बुधवार जा, शक्यतो जुलैत. किती खोल्यांत दिवे लागलेत ते मोजा. फोन मालक उचलतो का नोकर, जेवणाचा मेन्यू लांबलचक आहे का ठरलेली थाळी, लाइट गेल्यावर किती मिनिटांत कुणी विचारायला येतं, हे वहीत लिहा. मालकाला वेळ असेल तर बसून गप्पा मारा आणि गणपतीत नि शिमग्यात स्टाफचं काय करता, हे विचाराच. कोकणात त्या दिवसांत कामाला माणूस मिळत नाही, आणि पाहुणे मात्र येतात.