रोबोला पाण्याची परीक्षा

जमिनीवरचा रोबो बिघडला तर जागच्या जागी थांबतो. आपण जवळ जाऊन स्क्रू पिळतो, तार जोडतो. पाण्याखालच्या रोबोला ही सवलत नाही. केसाएवढ्या फटीतून पाणी आत शिरले की सर्किट जळते आणि यंत्र तळाला जाते. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. शिवाय रेडिओलहरी पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात, फार लांब जात नाहीत. त्यामुळे नेहमीचा रिमोट इथे चालत नाही आणि बहुतेक रोबो केबलनेच वरच्या चालकाला जोडलेले असतात. अशा यंत्राला 'आरओव्ही' म्हणतात. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात समुद्रतळावरच्या पाइपलाइनची पाहणी अशीच यंत्रे करतात.

ही यंत्रे चालवायला आणि मुख्य म्हणजे भर समुद्रात, हलत्या जहाजावर दुरुस्त करायला माणसे लागतात. नुसत्या पदवीने ते काम येत नाही. ही गरज ओळखून अमेरिकेत १९९७ मध्ये 'मेट' हे केंद्र उभे राहिले. ते एखाद्या बड्या विद्यापीठात नव्हते. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पेनिन्सुला कॉलेज या साध्या कम्युनिटी कॉलेजात ते सुरू झाले. मरीन टेक्नॉलॉजी सोसायटी या व्यावसायिकांच्या संस्थेतील आरओव्ही समितीने त्याला साथ दिली आणि २००२ मध्ये फ्लोरिडात विद्यार्थ्यांची पहिली स्पर्धा झाली. रोबोने तलावात नेमून दिलेली कामे करायची, हा तिचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे तांत्रिक अहवाल लिहायचा आणि या क्षेत्रात रोज काम करणाऱ्या अभियंत्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. गुण दोन्हीला असतात.

केबल नसलेल्या, स्वतःच निर्णय घेणाऱ्या पाणरोबोंची 'रोबोसब' ही वेगळी स्पर्धाही अमेरिकेत होते. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी आपला 'मत्स्य' घेऊन तिथे उतरले आहेत. (समुद्रयान मोहिमेतले 'मत्स्य ६०००' वेगळे; त्यात माणसे बसणार आहेत.)

अभियंत्यांच्या प्रश्नोत्तरांना किती वजन असते, ते 'मेट'च्या २००४ च्या स्पर्धेत दिसले. ती सांता बार्बरा इथे झाली. फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन या सरकारी हायस्कूलमधली चार मुले महाविद्यालयीन गटात उतरली. ऑस्कर वाझकेझ, क्रिस्टियन अर्सेगा, लोरेन्झो सँटिलान आणि लुइस अरांडा. चौघेही मेक्सिकोतून आलेल्या गरीब घरांतले आणि अमेरिकेत राहण्याचे कागदपत्र नसलेले. जमवलेले पैसे सुमारे ८०० डॉलर. समोर एमआयटीचा संघ.

त्यांचा रोबो नळाच्या कामाला लागतात तसल्या पीव्हीसी पाइपांचा होता. पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या उग्र वासावरून त्याचे नाव पडले 'स्टिंकी'. वरून वीज द्यायची तर केबल जाड होते आणि रोबोला वळता येत नाही. म्हणून मुलांनी बॅटरी रोबोवरच, एका जलरोधक प्लास्टिक ब्रीफकेसमध्ये ठेवली. यात धोका उघड होता आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर ब्रीफकेस गळू लागली. उपाय लोरेन्झोला सुचला. मासिक पाळीत वापरतात ते टॅम्पॉन आणून आत ठेवायचे! आत झिरपलेले पाणी त्यांनी शोषले. हसण्यासारखे वाटेल, पण कमी जागेत जास्तीत जास्त द्रव शोषणे हेच त्या वस्तूचे काम आहे. हाताशी काय आहे आणि ते कशाला उपयोगी पडेल हे ओळखणे, यालाच मी तरी अभियांत्रिकी म्हणेन.

पाण्यातल्या गुणांत ही मुले पहिली नव्हती. बाजी पलटली ती परीक्षकांच्या खोलीत. तिथे नासा आणि नौदलाशी संबंधित जाणकार बसले होते. कुठला भाग का निवडला, सिग्नल कसा जातो, अशा प्रश्नांना मुलांनी न अडखळता उत्तरे दिली, कारण प्रत्येक जोड त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता. लेखनाचे आणि रचनेचे पारितोषिक त्यांना मिळालेच, शिवाय एकूण विजेतेपदही. एमआयटी दुसरी आली. शाळेचे नाव पाहून परीक्षकांनी गुण दिले असते तर हे झाले नसते.

पुढची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. क्रिस्टियनने ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतला. पण राज्याने २००६ मध्ये केलेल्या कायद्यामुळे कागदपत्र नसलेल्यांची फी कित्येक पटींनी वाढली आणि त्याला शिक्षण सोडावे लागले. लोरेन्झो आणि लुइस खानपानाच्या व्यवसायात गेले. ऑस्करने २००९ मध्ये त्याच विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी मिळवली. मग कायदेशीर व्हिसासाठी तो स्वतःहून मेक्सिकोला परत गेला, तर त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली! सिनेटर डिक डर्बिन यांनी त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे २०१० मध्ये त्याला परतता आले. तो अमेरिकी लष्करात भरती झाला आणि अफगाणिस्तानात गेला.